नवव्या बेटावर राहायला येताना: हवाई सोडून लास वेगासला आलेल्यांसाठी घर, गाडी आणि लांबचा रस्ता

हवाईची मुख्य बेटं आठ. लास वेगासला तिथले लोक 'नववं बेट' म्हणतात, गमतीनं म्हणत असले तरी कारण खरं आहे. सॅम बॉयड यांनी १९७५ मध्ये डाउनटाउनमध्ये कॅलिफोर्निया हॉटेल उघडलं आणि लवकरच नाव कॅलिफोर्नियाचं ठेवून गिऱ्हाईक मात्र हवाईचं धरलं. बेटावरून येणाऱ्यांना भात, सायमिन (नूडल्सचं सूप), बैलाच्या शेपटीचं सूप असं घरचं जेवण तिथे मिळू लागलं. आधी लोक सुट्टीला यायचे, मग होनोलुलूतली घरभाडी परवडेनात म्हणून राहायलाच येऊ लागले. २०२० च्या जनगणनेत तर मूळ हवाईयन वंशाच्या लोकांपैकी निम्म्याहून अधिक हवाईबाहेर राहत असल्याचं दिसलं.

एक शब्द आधी नीट करून घेऊ. पुण्यात राहणारा तो पुणेकर, या हिशोबानं हवाईत राहणारा तो हवाईयन असं आपण सहज म्हणतो. तिथे तसं म्हणत नाहीत. हवाईयन म्हणजे त्या भूमीचे मूळ रहिवासी, कानाका माओली. बाकीचे जपानी, फिलिपिनो, पोर्तुगीज वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच असले तरी स्वतःला 'लोकल' किंवा 'कामाआइना' म्हणवतात. होनोलुलूत काही वर्षं नोकरी करून वेगासला आलेलं मराठी कुटुंबही फार तर दुसऱ्या गटात बसेल. पण सवयी सगळ्यांच्या सारख्याच होतात: दारात चपला काढायच्या, रोज भात, गाडीत छत्री नाही, आणि तासाभरापेक्षा लांबचा प्रवास म्हणजे विमानाचा. खालच्या सूचना या सवयी घेऊन वाळवंटात आलेल्या कोणासाठीही आहेत.

बेट सोडण्याआधी

विमानतळावर सामानाची शेतीखात्याकडून तपासणी होते. अननस आणि नारळ चालतात. घरच्या झाडाचे आंबे, लिची किंवा प्रक्रिया न केलेली बहुतेक ताजी फळं चालत नाहीत, कारण फळमाशी. फुलांचे लेई, म्हणजे हार, बहुतेक चालतात. लिंबूवर्गातल्या झाडाचं फूल किंवा पान त्यात असेल तर काढून घेतात. ली हिंग मुईची (खारवलेल्या सुक्या आलुबुखाराची) पूड, फुरिकाके (भातावर भुरभुरायचं तीळ-शेवाळाचं मिश्रण), कॉफी, सुकं मांस असलं सुकं सामान बिनधास्त आणा. ते वेगासलाही मिळतं, पण किंमत बघून हात आखडता घ्यावा लागतो.

गाडी आणायची की विकून यायची? आठ-दहा वर्षांहून जुनी आणि समुद्राजवळ उभी राहिलेली गाडी असेल तर विकाच. गंज खालून धरलेला असतो, वरून दिसत नाही. आणायचीच ठरली तर गाडी बोटीनं साधारणपणे होनोलुलूहून लाँग बीचला येते. टाकीत पाव किंवा त्याहून कमी पेट्रोल ठेवायचं, आत घरचं सामान भरायचं नाही, मालकीची कागदपत्रं आणि कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याचं परवानगीपत्र आधी हातात ठेवायचं. गाडी हाती पडेपर्यंत दोन आठवडे धरून चाला.

इथे पहिली मोठी चूक होते. ज्या गाडीनं जन्मात सलग शंभर मैल कापलेले नाहीत ती बंदरातून थेट पावणेतीनशे मैलांवर वेगासला चालवत नेतात. वाटेत कहोन घाट जवळजवळ १,२८० मीटरवर जातो. पुढे बेकर गाव सुमारे २८५ मीटरवर आहे आणि तिथून १,४४० मीटरवरच्या माउंटन पासपर्यंत चढण. या चढणीवर 'एसी बंद करा' अशा पाट्या आहेत. बेटावरच्या जुन्या गाड्यांमध्ये कूलंट कमी झालं की नुसतं पाणी घालत राहायची पद्धत असते. तिथे ते खपून जातं, कारण गाडी तापण्याआधी रस्ता संपतो. म्हणून बंदराजवळच्याच गॅरेजात निम्मं कूलंट-निम्मं पाणी असं मिश्रण भरून घ्या, होजपाइप दाबून बघा (फुगलेला किंवा कडक झालेला असेल तर बदला) आणि मगच निघा. चढणीवर इंजिनाचा काटा वर जाऊ लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, खिडक्या उघड्या. घामाघूम व्हाल, पण हीटर इंजिनातली उष्णता बाहेर काढतो. तरी काटा उतरला नाही तर बाजूला थांबा आणि अर्धा तास तरी रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.

पहिले तीस दिवस

नेवाडात राहायला आल्यावर ३० दिवसांत लायसन्स आणि गाडीची नोंदणी इथली करून घ्यावी लागते. वेगास परिसरात नोंदणीसाठी धुराची चाचणी लागते, ती दरवर्षी. अगदी नव्या गाड्यांना सुरुवातीला सूट असते. हवाईत दरवर्षी सेफ्टी चेक करून स्टिकर लावावा लागे, तसं इथे काही नाही. हे ऐकून बरं वाटतं. पण ब्रेक घासलेत, टायर गुळगुळीत झालेत हे वर्षातून एकदा सांगणारा माणूसच आता राहिला नाही. ते काम आपल्या अंगावर आलं.

टायरच्या कडेवर शेवटी चार आकडे असतात. '३४२१' म्हणजे २०२१ सालच्या ३४ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही खोल दिसली तरी सहा वर्षांपुढचा टायर वाळवंटातल्या महामार्गावर नेऊ नका. उष्णतेनं रबर आतून सुटतं आणि ७५ मैलांच्या वेगात सालपट निघावं तसा वरचा थर निघून येतो. रस्त्याच्या कडेला काळ्या रबराचे पट्टे पडलेले दिसतील, ते हेच. हवा सकाळी, गाडी उभी असताना तपासायची; किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअस बदललं की हवेचा दाब एका पौंडानं बदलतो. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब जास्त दिसतो म्हणून हवा सोडून देणं ही नेहमीची चूक आहे. स्टेपनीतली हवाही बघा, ती कोणी बघत नाही.

बॅटरी उन्हाळ्यात मरते आणि हिवाळ्यात कळतं. तीन वर्षं झाली की दुकानात नेऊन भार टाकून तपासून घ्या.

कोरड्या हवेत घर लावणं

हिलोला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. लास वेगासला शंभराच्या आसपास. उन्हाळ्यात हवेतली आर्द्रता एक आकड्यावर येते. ७ जुलै २०२४ रोजी इथे ४८.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली, तो शहराचा उच्चांक. बेटावर घाम येतो म्हणून तहान लागते; इथे घाम येतो तसा उडतो, त्यामुळे कपडे कोरडेच राहतात आणि पाणी कमी पडतंय हे डोकं दुखायला लागल्यावर कळतं. पहिल्या महिन्यात नाकातून रक्त येणं, ओठ फुटणं हे होतंच. रात्री खोलीत ह्युमिडिफायर आणि नाकाला आतून पेट्रोलियम जेली एवढं पुरतं.

माणूस सावरतो, लाकूड सावरत नाही. उकुलेले (गिटारसारखं छोटं हवाईयन वाद्य), त्यातही कोआ लाकडाचा, बेटाच्या दमट हवेत घडलेला असतो. त्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता हवी. सुरुवातीची खूण अशी: मानेच्या कडेवरून बोट फिरवलं की तिच्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं टोचायला लागतात. लाकूड आकसलं, धातू तेवढाच राहिला. तेवढ्यावर दुर्लक्ष केलं तर पुढे वरची फळी चिरते. उकुलेले पेटीतच ठेवायचा, पेटीत ओल्या स्पंजाची डबी आणि शेजारी शंभर-दोनशे रुपयांच्या मोलाचा छोटा आर्द्रतामापक. गाडीत तर मिनिटभरही नको. बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीत ६५ च्या पुढे जातं. तारेचा पूल धरून ठेवणारा डिंकच सुटतो.

चपलांचं काय? दाराशी काढायची सवय सोडू नका, पण रबरी स्लिपर घालून रिकाम्या प्लॉटवरून चालू नका. इथे गोखरू आहे. आयुर्वेदातलं तेच गोखरू, तेच काटे. स्लिपरच्या तळातून आरपार जातात आणि सायकलची ट्यूबही सोडत नाहीत. जुलैच्या दुपारी डांबरावर अनवाणी पाऊल टाकलं तर खरोखरचं भाजतं. इथल्या रुग्णालयांत दर उन्हाळ्यात असे रुग्ण येतात. बेटावरची मुलं अनवाणी वाढलेली असतात, त्यांना हे दोनदा सांगावं लागतं.

चाफा, म्हणजे प्लुमेरिया, बहुतेक जण हौसेनं आणतात. जमिनीत लावू नका. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान शून्याखाली जाऊ शकतं आणि एका रात्रीत फांदी मऊ पडून काळी होते. कुंडीत लावा, नोव्हेंबरमध्ये पानं गळली की गॅरेजात नेऊन ठेवा, मार्चपर्यंत पाणी जवळजवळ बंद. कोकणातला चाफाही पानं गाळून उघडा उभा असतो, तसाच. मेला समजून टाकून देऊ नका.

घरी फोन करण्याचा हिशोब: हवाईत घड्याळ कधीच बदलत नाही. वेगास हिवाळ्यात दोन तास पुढे, मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तीन तास. उन्हाळ्यात सकाळी सातला उत्साहानं आजीला, तिकडच्या भाषेत तूतूला, फोन लावलात तर तिथे पहाटेचे चार वाजलेले असतात.

भात, मुसुबी आणि अळू

वेगास सहाशे मीटरवर आहे. इथे पाणी ९८ अंशांना उकळतं, त्यामुळे घरच्या भाताला फारसा फरक पडत नाही. तांदूळ कोरड्या हवेत अधिक वाळलेले असतात म्हणून वाटीमागे दोन-तीन चमचे पाणी जास्त. पाणी मात्र जड आहे. कुकरच्या भांड्यात पांढरा थर धरतो. महिन्यातून एकदा पाण्यात व्हिनेगर घालून उकळलं की निघतो. तांदूळ मध्यम दाण्याचा कॅलरोज. हातात घेतला की गोळा व्हायला हवा, आपल्या इंद्रायणीसारखा. बासमतीची मुसुबी, म्हणजे दाबलेल्या भाताची वडी, होत नाही, तिचा चिवडा होतो.

स्पॅम (डुकराचं डबाबंद मांस) घातलेली मुसुबी हा बेटवाल्यांचा वडापाव. आठ मुसुबींना ३४० ग्रॅमचा एक डबा स्पॅम, कुकरच्या मापानं तीन कप (१८० मिलिलिटरचा एक) तांदूळ, नोरीचे (सुक्या समुद्रशेवाळाचे) चार कागद अर्धे कापून, तीन मोठे चमचे शोयू (सोया सॉस) आणि तीन मोठे चमचे साखर.

स्पॅमचे आठ काप करून कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी तांबूस होऊ द्या, तेल लागत नाही. आच मंद करून मग शोयू-साखर ओता. आधी ओतलीत तर साखर करपते आणि काप तांबूस होत नाहीत. साचा नसेल तर स्पॅमचाच रिकामा डबा घ्या, आतून प्लॅस्टिकचा कागद लावा, म्हणजे हातही कापत नाही. भात गरम असतानाच दोन बोटं जाडीचा दाबून भरायचा, वर फुरिकाके, वर काप, मग नोरी गुंडाळून तिचं टोक ओल्या बोटानं चिकटवायचं. भात थंड झाल्यावर दाबलात तर दाणे एकमेकांना धरत नाहीत आणि पहिल्याच घासाला मुसुबी मांडीवर पडते. मांस न खाणाऱ्यांनी घट्ट टोफूचे काप किंवा जाड ऑम्लेट घ्यावं, पद्धत तीच.

प्रवासात मुसुबीचा प्रश्न वेगळाच असतो. बर्फाच्या पेटीत ठेवली तर भात खडा होतो, बाहेर ठेवली तर बिघडते. ३२ अंशांच्या वरच्या हवेत तासाभरातच धोका सुरू होतो, कारण शिजलेल्या भातातले काही जंतूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. पहिल्या दिवसाच्या मुसुबी पहाटे करा, जाड अस्तराच्या पिशवीत भरून गाडीच्या पायदानात, एसीच्या झोतात ठेवा आणि न्याहारीलाच संपवा. दुसऱ्या दिवसासाठी घरून करून नेऊच नका. स्पॅमचा बंद डबा, नोरी आणि मायक्रोवेव्हमध्ये दीड मिनिटात होणारी भाताची पाकिटं न्या. मोटेलमध्ये मायक्रोवेव्ह असतोच.

राइस कुकर गाडीच्या सिगारेट-सॉकेटवर लावायची कल्पना प्रत्येकाला एकदा सुचते. त्या सॉकेटमधून जेमतेम १२० ते १८० वॉट मिळतात, लहान कुकरलाही तीनशेच्या वर लागतात. फ्यूज उडतो आणि मग फोनही चार्ज होत नाही. शिवाय ब्राइस कॅन्यनसारख्या चोवीसशे मीटर उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे स्टोव्हवर भात करायचा तर झाकणावर दगड, थोडं जास्त पाणी आणि भरपूर धीर लागतो.

अळूच्या बाबतीत मराठी घराला आयता फायदा आहे. हवाईचा कालो म्हणजे आपलं अळूच, वनस्पती एकच, वाण वेगळे. लुआऊ, म्हणजे कालोची पानं, मिळाली नाहीत तर भारतीय किराण्यातली वडीची पानं चालतात. फरक खाजेवर उपाय करण्यात आहे: आपण चिंच घालतो, हवाईत नुसतं शिजवत राहतात. उघड्या पातेल्यात तास-दीड तास किंवा प्रेशर कुकरमध्ये वीस-पंचवीस मिनिटं, मग नारळाचं दूध. कमी शिजलं तर घसा धरणारच, तिथे नारळाचं दूध कामाला येत नाही. पोई, म्हणजे कालोच्या कंदाची लापशी, गोठवलेली मिळाली तर घ्या. नाहीतर अळकुड्या पूर्ण मऊ शिजवून, सोलून, पाणी घालत मिक्सरला फिरवा. ताणदार होईल, चव थोडी वेगळी लागेल. दोन दिवस बाहेर ठेवून आंबली की जाणत्याला जास्त आवडते.

हे काहीच करायचं नसेल त्या दिवशी झिपीज आहे. होनोलुलूची ही साखळी २०२३ मध्ये वेगासला आली आणि मेनलँडवरची, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची, तिची ती पहिली शाखा.

मौका नाही, मकाई नाही

बेटावर दिशा दोनच: मौका म्हणजे डोंगराकडे, मकाई म्हणजे समुद्राकडे. वेगासला चहूबाजूंनी डोंगर आणि समुद्र कुठेच नाही, त्यामुळे पहिले दोन महिने पत्ता सांगताना तोंड बंद होतं. यावर एक तोडगा: उंच स्प्रिंग माउंटन्स, ज्यांच्यावर हिवाळ्यात बर्फ दिसतं, ती पश्चिम. सूर्य उगवतो तो तांबूस-राखाडी फ्रेंचमन माउंटन, ती पूर्व. स्ट्रिपचे, म्हणजे कसिनोंच्या मुख्य रस्त्यावरचे, मनोरे मधोमध.

'आय' म्हणजे इंटरस्टेट महामार्गांना क्रमांकाचं व्याकरण आहे, एकदा कळलं की नकाशाशिवायही भान राहतं. विषम आकडे उत्तर-दक्षिण, सम आकडे पूर्व-पश्चिम. आकडे पश्चिमेकडून पूर्वेकडे आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत जातात. नेवाडा, युटा, ॲरिझोनात एक्झिटचा क्रमांक म्हणजे राज्याच्या दक्षिण किंवा पश्चिम सीमेपासूनचे मैल. आय-१५ वर प्रिम गावाशी शून्य. एक्झिट ४२ वरून ७५ ला जायचं तर ३३ मैल, बस्स. गाडी बंद पडून मदत मागवताना हाच आकडा सांगायचा. 'लाल डोंगराजवळ' म्हणून कोणी येत नाही.

हवाईत सर्वांत वेगवान रस्त्यावर ताशी ६० मैल. इथे आय-१५ वर नेवाडात ७५, युटात ८० पर्यंत. बेटावरचा ड्रायव्हर अरुंद, ओल्या, वळणांच्या रस्त्यावर तरबेज असतो. हालेआकालाच्या शिखरावरून खालच्या गिअरमध्ये उतरायला शिकलेल्याला झायनचा घाट शिकवावा लागत नाही. त्याला शिकावा लागतो तो सरळ रस्ता. दीड तासानंतर डोळे उघडे राहतात आणि लक्ष मिटतं. शंभर मैलांना एक थांबा, झोप येवो न येवो. डावी लेन फक्त पुढे जाण्यासाठी. बेटावर तिच्यात निवांत रमणाऱ्याला कोणी हॉर्न देत नाही, इथे मागून ट्रक येतो.

पेट्रोलचा नियम साधा: काटा अर्ध्यावर आला की भरायचं. बेटावर लाल दिवा लागला तरी पंप दोन-चार मैलांवर असतो. युटात आय-७० वर ग्रीन रिव्हर ते सलायना शंभरहून अधिक मैल काहीच नाही. नेवाडात यूएस-६ वर ईली ते टोनोपा सुमारे १६८ मैल तसेच. पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, आणि हे डिकीत नाही, हाताशी.

कुठून सुरुवात करायची

पहिलीच सहल ग्रँड कॅन्यनची ठरवू नका. दक्षिण काठ २८० मैल आहे. एका दिवसात जाऊन-येऊन नऊ तास गाडीत जातात आणि दरी पाऊण तास बघितली जाते.

आधी व्हॅली ऑफ फायर, सुमारे पन्नास मैल. ऑक्टोबर ते एप्रिल. गाडी, टायर, पाण्याचा हिशोब सगळं इथे तपासून होतं आणि काही चुकलं तर घर जवळ असतं. मग झायन, १६० मैल, अडीच-तीन तास. युटाचं घड्याळ एक तास पुढे आहे हे विसरून लोक शटलची रांग वाढवतात. वसंतापासून नोव्हेंबरपर्यंत मुख्य दरीत खासगी गाडी सोडत नाहीत, फुकट शटलनंच जायचं. स्प्रिंगडेल गावात सकाळी आठच्या आत गाडी लावा. एंजल्स लँडिंगच्या पायवाटेसाठी १ एप्रिल २०२२ पासून सोडतीतून परवाना लागतो. ॲरिझोनाचं घड्याळ मात्र हवाईसारखंच हट्टी, बदलत नाही: उन्हाळ्यात वेगासइतकंच, हिवाळ्यात एक तास पुढे. अपवाद नावाहो लोकांच्या प्रदेशाचा, तिथे घड्याळ बदलतात.

तुमच्याकडे हवाईच्या तीन उद्यानांचा वार्षिक पास असेल तर तो इथे चालत नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलरचा राष्ट्रीय पास मिळतो, आणि सुट्टीत घरी गेल्यावर तो किलाउएआला आणि हालेआकालालाही चालतो.

डेथ व्हॅली फक्त नोव्हेंबर ते मार्च. पारंपमध्ये टाकी भरून घ्या, आत पंप आहेत पण महाग. फोनला रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे आणि त्याच्या डोक्यावर दान्तेज व्ह्यू सुमारे १,६७० मीटरवर. खाली टी-शर्ट, वर स्वेटर. कपड्यांचा हा खेळ माउई आणि बिग आयलंडच्या माणसाला ठाऊक असतो.

जुलै ते सप्टेंबर अचानक पूर येतात. बेटावर हे प्रत्येक मुलाला शिकवलेलं असतं: मकाईला ऊन असलं तरी मौकाला ढग दिसला की ओढ्यातून बाहेर. नियम तोच आहे, फक्त इथला मौका पन्नास किलोमीटर लांब असतो आणि दिसत नाही. अरुंद घळीत शिरण्याआधी त्या दिवसाचा पुराचा अंदाज बघायचा. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. वाहतं फूटभर पाणी लहान गाडी उचलतं, दोन फूट मोठीही. तासाभरात ओसरतं.

समुद्र गाठायचा तर

तो लागतोच, साधारण तिसऱ्या महिन्यात. लेक मीड बघून समाधान होत नाही, खारा वास नाही. सॅन ओनोफ्रेचा किनारा पावणेतीनशे मैलांच्या आसपास. तिथल्या लाटा लांब आणि सौम्य, मेनलँडवर होनोलुलूच्या वाइकिकी किनाऱ्याची आठवण देणाऱ्या. वेगासकरांना एक फायदा आहे: शुक्रवारी संध्याकाळी गर्दी वेगासकडे येते आणि रविवारी दुपारी कॅलिफोर्नियाकडे परतते. आपण नेमके उलट्या बाजूनं असतो. फक्त कहोन घाटाच्या खाली शुक्रवारची ऑफिस सुटायची वेळ टाळा. कॅलिफोर्नियात शिरताना शेतीखात्याचा नाका लागतो. अंगणातली लिंबं-संत्री घरीच ठेवा.

सर्फबोर्ड टपावर उलटा बांधायचा, फिन पुढे आणि वर. पट्ट्याला एक पीळ द्या. सपाट पट्टा ७० मैलांच्या वेगात असा घोंघावतो की डोकं उठतं. पंचवीस मैलांवर थांबून पट्टे पुन्हा ओढा, तोवर ते सैल झालेले असतात. वॅक्स घरीच खरवडून काढा आणि किनाऱ्यावर नवीन लावा, नाहीतर वाटेतल्या मोहावे वाळवंटाच्या उन्हात ते वितळून सगळ्या टपावर पसरतं. बोर्डला चंदेरी पिशवी हवीच. उन्हात फोम आणि काच-फायबर यांची साथ सुटते आणि बोर्डवर फोड येतात.

पाणी थंड आहे. वाइकिकीला वर्षभर २४ ते २७ अंश, इथे हिवाळ्यात १४-१५ आणि उन्हाळ्यात विशीच्या आसपास. वेटसूट भाड्यानं घ्या: हिवाळ्यात ४/३ मिलिमीटर जाडीचा, उन्हाळ्यात आखूड बाह्यांचा. 'मला नाही लागत' म्हणणारे वीस मिनिटांत बाहेर येतात. परतताना टॉरन्सला वळलात तर किंग्ज हवाईयनची बेकरी आहे. हिलोत सुरू झालेली ही बेकरी १९७७ मध्ये इथे आली. पाव घ्यायचे तर परतीच्या दिवशी घ्या, आदल्या रात्री घेतलेले सकाळपर्यंत उरत नाहीत.

बर्फ

बेटवाल्याला बर्फ माहीत नसतं असं समजू नका. बिग आयलंडच्या माउना केआ पर्वतावर बर्फ पडलं की लोक पिकअप भरून ते खाली समुद्रावर आणतात. माहीत नसतो तो बर्फाचा रस्ता. माउंट चार्ल्स्टनचा परिसर वेगासपासून तासाच्या आत आहे, पहिला सराव तिथेच. साखळ्या विकत घेतल्या की त्याच दिवशी अंगणात एकदा चढवून उतरवून बघा. रस्त्याच्या कडेला, अंधारात, गोठल्या बोटांनी सूचना वाचणं जमत नाही. बहुतेक गाड्यांना त्या पुढच्या चाकांना लागतात, कारण ओढ तिथे असते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मागे. साखळ्या लावल्यावर ताशी ३० मैलांच्या वर नाही, आणि कोरडा रस्ता लागताच काढायच्या.

पूल रस्त्याआधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. वर पाणी पसरल्यासारखी चमक दिसली आणि पुढच्या गाडीच्या चाकांमागे तुषार उडत नसतील तर ते पाणी नाही. ब्रेक दाबू नका, पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा. क्रूझ कंट्रोल बंद. काच पुसायच्या टाकीत बेटावरचं साधं पाणी असेल तर नोव्हेंबरच्या आत काढून न गोठणारं भरा. जीन्स घालून बर्फात खेळायला उतरू नका. सुती कापड भिजलं की वाळत नाही. एक जोडी कोरडे मोजे गाडीत ठेवा, आणि स्लिपरही, परतीच्या वाटेवर ओले बूट काढून घालायला.